आकडा खरा, पण आपल्या मंडळाचा आहे का?

लिंबागणेश (ता. बीड) : रात्रभर पाऊस झाला की सकाळी गावागावातले ग्रुप बातम्यांनी भरतात. समजा एकात लिहिलंय, 'लिंबागणेश परिसरात अतिवृष्टी', आणि खाली जिल्ह्याची सरासरी २२ मिमी. आकडा सरकारी आहे, खराही आहे. पण त्या बातमीला तो लागूच होत नाही.

लिंबागणेश हे स्वतंत्र महसूल मंडळ आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी धरली जाते. जिल्ह्याच्या सरासरीत आष्टीपासून परळीपर्यंतचा सगळा पाऊस एकत्र होतो. त्या २२ मिमीच्या पोटात आपल्याकडचे ८० असू शकतात, नाहीतर नुसते ५. शेतकरी मात्र तेवढं वाचून पंचनाम्यासाठी तलाठ्याकडं जायचं का नाही ते ठरवतो. मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या 'महारेन' या संकेतस्थळावर मोबाईलवरही बघता येतो. तरी लिहिताना 'मंडळात नोंदला' असंच लिहावं. यंत्र एका जागी असतं, आणि पाऊस शिवार बदललं की बदलतो हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही.

जागेसारखीच गत काळाची. एक रुपयात पीक विमा ही योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता शेतकऱ्यालाच भरावा लागतो. जुनं पोस्टर खोटं नव्हतं, त्याचा हंगाम सरला. पण तेच बातमीला चिकटवलं तर माणूस शेवटच्या तारखेला खिशात पैसे न घेता सेवा केंद्रावर जाऊन उभा राहतो.

फोटोत तर जास्तच फसगत. बिंदुसरा धरणाच्या सांडव्याचा गेल्या साली काढलेला फोटो यंदाच्या पावसातही तेवढाच ताजा दिसतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तो काढल्याची तारीख राहत नाही. गॅलरीत दिसते ती आपल्या मोबाईलवर उतरल्याची तारीख. गुगल लेन्समध्ये फोटो टाकला तर तो आधी कुठं छापून आलाय का ते बऱ्याचदा कळतं.

ही बारीकसारीक कटकट वाटत असेल तर २०१८ साल आठवावं. कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली एक जनजागृतीची फिल्म होती. शेवटचा संदेश कापून ती भारतभर 'मुलं पळवणारी टोळी' म्हणून फिरली. त्याच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायचं जाहीर केलं.

म्हणून टाकण्याआधी एका ओळीत लिहून बघावं : कोणतं गाव, कोणती तारीख, कोणतं पीक. मग हातातला आकडा, कागद, फोटो त्या ओळीशी ताडून पाहावा. फोटो जुळत नसेल तर बातमी बिनफोटोची जाऊ द्यावी, नाहीतर दहा मिनिटं चालत ओढ्यावर जाऊन आजचा काढावा.