पाण्याने तारलेला जवान

पैलवानांच्या आपल्या मुलखात पोहणाऱ्याचे कौतुक जरा बेताचेच! तासगावच्याच जिल्ह्यातले, पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहले आणि पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक घेऊन आले. पुष्कळ घरांत हे नाव पोहोचले, ते मात्र २०२४ साली कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ पडद्यावर आल्यावर.

चित्रपट रंगतदार आहे. कार्तिक आर्यनने मेहनतही भरपूर घेतली आहे. पण माझे मन रेंगाळते ते पदकापेक्षा इस्पितळापाशी. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यातच राहिली, कमरेखालचे बळ गेले. मुष्टियुद्ध खेळणारा हा जवान पाण्यात उतरला तो उपचार म्हणून.

खेळाला औषध मानण्याची ही रीत रुजवली डॉ. लुडविग गुटमान यांनी. नाझी जर्मनीतून इंग्लंडात आलेल्या या डॉक्टरांनी कणा मोडलेल्या सैनिकांना अंथरुणातून काढून १९४८ साली तिरंदाजीला बसवले. स्पर्धक अवघे सोळा! (आणि १९७२चा मेळा भरला तो जर्मनीतच.)

चित्रपटात हे सारे एका माणसाच्या जिद्दीत मावते. खडकीला १९७४ पासून अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे; म्हणजे सैनिकाला निदान एक दार आहे. विहिरीच्या कामावर पडून कणा मोडलेल्या आमच्याकडच्या गड्याला पाण्यात कोणी उतरवायचे, आणि कुठल्या पाण्यात?