बंद खोलीच्या आधीचे तीन दिवस

चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्यात १९२३ साली जन्मलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या ‘कैरी’ कथेत तानीमावशी आपल्याला दिसते ती तिच्याकडे राहायला आलेल्या पोरक्या मुलाच्या नजरेतून. तिचं मन तिच्या वागण्यावरूनच ओळखायचं. धारवाडच्या कॉलेजात एकेकाळी इंग्रजी शिकवणाऱ्या जी.एं.च्या बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना ही रीत ओळखीची आहे, आणि विल्यम फॉकनरची ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) वाचताना तीच कामी येते. जुनं घर, कुलूपबंद खोली, जिवंत माणसांवर अंमल गाजवणारा भूतकाळ, असा हा गॉथिक कथेचा मामला. शेवटी खोली उघडते. पलंगावर प्रियकराचं कित्येक वर्षांचं प्रेत आणि शेजारच्या उशीवर एक करडा केस. वाचक इथे दचकतो, पण कथेचं मर्म आधीच येऊन गेलेलं असतं. बाप वारल्यावर एमिली तीन दिवस दारात उभी राहून सांगते, बाबा गेलेलेच नाहीत. याच बापाने तिची स्थळं परतवली होती. त्याच्या धाकापलीकडे तिला दुसरं जगच ठाऊक नव्हतं, म्हणून तो धाकही तिला सोडवेना. तेव्हा गावाने दटावून प्रेत नेलं. पुढे तिचा प्रियकर होमर बॅरन लग्न करणाऱ्यातला नाही अशी कुजबुज झाली आणि तिने आर्सेनिक आणलं. या वेळी प्रेत मागायला कुणी आलं नाही, एवढाच फरक. फॉकनर दुर्गंधी आधी सांगतो आणि विषाची खरेदी नंतर, त्यामुळे हा धागा वाचकालाच जुळवावा लागतो.

कुणी म्हणेल, वेड तिच्या रक्तातच होतं. घराण्यातली एक म्हातारी वेडी झाल्याचं कथेतच आहे. पण ते सांगतं कोण? ‘आम्ही’ म्हणणारं गाव. याच गावाने १८९४ साली तिचा कर माफ केला, वास सुटल्यावर तिला न विचारता रात्री चोरून चुना टाकला, आणि कारण न सांगताही तिला विष विकलं. दोष रक्तावर टाकला की गाव मोकळं होतं. मग खुनाला माफी? मुळीच नाही. विष तिने स्वतः, दुकानदाराच्या नजरेला नजर देऊन घेतलं. भूतकाळ तिचं वागणं समजावतो, धुऊन काढत नाही. तानीमावशीकडे माया लावलेलं एक मूल तरी बघत होतं. एमिलीच्या घरात आत होता फक्त तिचा कृष्णवर्णीय नोकर टोब. ती गेल्यावर त्याने बायकांना पुढच्या दाराने आत घेतलं, आणि कुणाशीही न बोलता तो मागच्या दाराने कायमचा निघून गेला.