गरिबी मोजताना दारचा नळही पाहावा लागतो

म्हादईच्या वादामुळे हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांचे नाव गोमंतकीयांना चांगलेच परिचित आहे. शहरांना किती पाणी मिळावे, यावर आजवर पुष्कळ चर्चा झाली. मिळालेले पाणी कोणत्या घरात कसे पोहोचते, हा प्रश्न मात्र मागे पडला. राहणीमानातील विषमता त्यातूनच अधिक स्पष्ट दिसते.

वरवर पाहता आकडे आशादायक आहेत. निती आयोगाच्या अहवालानुसार कर्नाटकातील बहुआयामी गरिबीचे प्रमाण 2015-16 मधील 12.77 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 7.58 टक्क्यांवर आले. राज्याच्या नागरी भागातील दरडोई मासिक खर्चाची सरासरी 2022-23 मध्ये 7,666 रुपये होती. 2023-24 मध्ये ती 8,076 रुपये झाली. परंतु ही वाढ महागाई वजा न करता मोजलेली आहे आणि सरासरीत बंगल्याचा व झोपडीचा खर्च एकत्र मिसळतो. शिवाय खर्च म्हणजे उत्पन्न नव्हे. कर्ज काढून केलेला औषधोपचारही खर्चातच धरला जातो.

बहुआयामी गणनेत पिण्याचे पाणी हा एक निकष आहे. तो पाण्याचा स्रोत सुरक्षित आहे का व किती दूर आहे, हे तपासतो. नळाला किती दिवसांनी पाणी येते, हे तपासत नाही. हुबळी-धारवाडमध्ये नेमका तोच फरक महत्त्वाचा ठरला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने तेथील आठ प्रभागांत अखंड पाणीपुरवठा सुरू झाला. उर्वरित शहरात काही दिवसांच्या अंतराने काही तासच पाणी येत राहिले. ज्याच्या घरी भूमिगत टाकी आणि पंप आहे, त्याला हे अंतर फारसे जाणवत नाही. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला मात्र पाण्याच्या वेळेसाठी घरी थांबावे लागते आणि ते पिंपात दिवसेंदिवस साठवावे लागते.

2010 ते 2012 दरम्यान झालेल्या संशोधनात दोन्ही प्रकारच्या प्रभागांतील सुमारे 3,900 कुटुंबांची तुलना करण्यात आली. सुस्थितीतील घरांच्या मुलांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. गरीब घरांतील मुलांमध्ये मात्र अखंड पुरवठा असलेल्या भागात रक्तमिश्रित अतिसाराचे प्रमाण 37 टक्क्यांनी कमी होते.

म्हणजेच सार्वजनिक सेवा सुधारली, की तिचा सर्वाधिक लाभ गरिबाला होतो. ती ढासळली, की सर्वाधिक भारही त्याच्यावरच पडतो. म्हणून गरिबी घटल्याचा आकडा वाचताना सुधारणा कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचली, हेही विचारले पाहिजे.