इरी सरोवरावरचा पहारा

टोलेडो (ओहायो) : इरी सरोवराच्या या टोकाला पलीकडचा काठ दिसत नाही, समुद्रच वाटतो. ऑगस्टमध्ये मात्र मॉमी नदीच्या मुखाजवळ पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं होतं. पाण्यात उतरू नका, कुत्र्यांनाही उतरू देऊ नका, अशा पाट्या लागतात. लाटेबरोबर आलेला तवंग काठावर वाळला की कडेला निळसर रेघ उमटते. हा निळा रंग फायकोसायनिन या रंगद्रव्याचा. सरोवरावरची उपग्रहाची सारी टेहळणी अशा रंगांच्या खुणांवर चालते.

या निळ्या-हिरव्या शेवाळातलं मायक्रोसिस्टिस यकृताला घातक विष तयार करतं. २ ऑगस्ट २०१४ रोजी ते शहराच्या नळाच्या पाण्यात सापडलं आणि चार लाखांहून अधिक लोकांना पाणी न पिण्याचा आदेश निघाला. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्यावर पाण्याची वाफ होते आणि विष उरलेल्या पाण्यात अधिक दाट होतं. दुकानांतल्या बाटल्या संपल्या आणि नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटायला आले. जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या साठ्यांपैकी एकाच्या काठावर ही वेळ आली होती.

त्या वर्षी आकाशातला नेमका डोळाही मिटलेला होता. युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरचं मेरिस हे उपकरण या शेवाळाचा माग उत्तम काढत असे, पण एप्रिल २०१२ मध्ये त्याचा संपर्क तुटला. त्याचा वारस सेंटिनेल-३ गेला २०१६ मध्ये. मधली वर्षं कमी सोयीच्या उपकरणांवर निभावली. आज अमेरिकेची नोआ ही संस्था युरोपच्याच उपग्रहाची चित्रं वापरते. पाण्यावरून परतणाऱ्या लाल प्रकाशातल्या ठरावीक पट्ट्यांची तुलना करून शेवाळ कोणतं आणि किती दाट, हे काढतात. वाऱ्याचा अंदाज जोडला की तवंग पुढे कुठे सरकेल, तेही सांगता येतं. पाणीपुरवठ्याच्या माणसांना यामुळे तयारीला वेळ मिळतो, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचं मोल तेवढ्या वेळातच आहे.

उपग्रहाला मर्यादाही आहेत. त्याच्या चित्रातला एक ठिपका ३०० मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे २२ एकरांचा. लहान तळी त्यात हरवतात. ढग आले की काही दिसत नाही. जोराचा वारा सुटला की शेवाळ खाली घुसळलं जातं आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ भासतं. शिवाय विषाला रंग नसतो. म्हणून बोटीनं जाऊन पाण्याचे नमुने आणावेच लागतात.

रोगाचं मूळ सरोवरात नाही, मॉमीच्या खोऱ्यात आहे. तिथे एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’ ही अफाट दलदल होती. ती उपसून मका-सोयाबीनची शेतं झाली. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून शेतांखाली नळ पुरले, आणि त्यांतूनच खतातलं विरघळलेलं स्फुरद थेट ओढ्याला लागतं. मार्च ते जुलैमध्ये मॉमीतून किती स्फुरद आलं, त्यावर उन्हाळ्याअखेरचा हिरवा विस्तार बऱ्याच अंशी ठरतो.

या देशाची खरी अडचण इथे कळते. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानं कारखान्यांना आणि सांडपाणी केंद्रांना परवान्याच्या चौकटीत आणलं, म्हणून इरी एकदा सावरलंही. पण पावसाबरोबर शेतातून वाहून येणारं पाणी त्या चौकटीबाहेर राहिलं. उपग्रहाला तवंग दिसतो, पण तो कोणाच्या शेतातून आला हे कोणी विचारत नाही. हे मला पटत नाही. ओहायोनं २०१५ मध्ये या खोऱ्यात गोठलेल्या किंवा चिंब जमिनीवर खत पसरायला बंदी घातली. स्फुरद २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याची २०२५ ही मुदत मात्र पाळली गेली नाही. २०१९ पासून राज्य सरकार खताचं नियोजन करणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे देतं आणि जुन्या दलदलीचे काही तुकडे पुन्हा पाणथळ करतं. शेतकऱ्यानं त्यात यायचं की नाही, हे अजून त्याच्याच मर्जीवर आहे.