टोपीवरचा चांदीचा मुकुट



मुकुट म्हटला की सिंहासनावरील राजा किंवा देव्हाऱ्यातील मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. दोघेही स्थिर बसलेले. परंतु अमेरिकेच्या पश्चिम भागात असाही एक मुकुट असतो, जो घालून मुलगी भरधाव घोडा दौडवते. तिला 'रोडिओ क्वीन' म्हणतात. तिचा मुकुट कसा घडतो, ते आपण पाहू या.

रोडिओ हा गुराख्यांच्या कौशल्याचा खेळ. शब्द स्पॅनिश भाषेतला. गुरे घेरून एकत्र आणणे हा त्याचा मूळ अर्थ. ओरेगन राज्यात पेंडलटन येथील प्रसिद्ध रोडिओ १९१० साली सुरू झाला. अनेक गावे आपल्या रोडिओसाठी राणी निवडतात. 'मिस रोडिओ अमेरिका' या देशपातळीवरील स्पर्धेत रूपाबरोबरच घोडेस्वारी आणि वक्तृत्वही पारखले जाते.

हा मुकुट केसांवर नव्हे, तर रुंद काठाच्या टोपीवर बसतो. टोपी कधी जाड फेल्टची, तर उन्हाळ्यात गवती काड्यांची. दोन्हींचा घेर तंतोतंत सारखा नसतो. म्हणून मागच्या बाजूस कमी-जास्त करता येणारा चामडी पट्टा लावणे सोयीचे ठरते.

दुसरा प्रश्न वजनाचा. १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा, १ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला, तर त्याचे घनफळ १० घन सेंटिमीटर भरते. 'स्टर्लिंग' चांदीचा असा पत्रा सुमारे १०४ ग्रॅम भरतो. नक्षीत एक तृतीयांश भाग कापून काढला की उरतात जवळजवळ ६९ ग्रॅम. म्हणजे जाळीदार नक्षी शोभेसाठी असतेच, पण ती डोक्यावरचा भारही हलका करते.

स्टर्लिंगमध्ये ९२.५ टक्के चांदी असते आणि उरलेले बहुधा तांबे. आपल्याकडील दागिन्यांवर ९२५ हा आकडा दिसतो, तो याच प्रमाणाचा. शुद्ध चांदी मऊ असते, तांब्यामुळे तिला कणखरपणा येतो. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये मात्र चांदी मुळीच नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते. ते स्वस्त व टणक असल्याने असे मुकुटही बनतात. त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्याला चांदी म्हणून विकणे ही फसवणूक होय. पैसा देणगीचा असेल, तर हे आधीच स्पष्ट झालेले बरे.

प्रथम कागदी नमुना टोपीवर लावून पाहतात. मग पत्रा बारीक करवतीने कापून कडा कानशीने घासतात. फुले, गावाचे नाव, वर्ष ही वेगळी कापून डाख देऊन जोडतात. शुद्ध चांदी सुमारे ९६१ अंश सेल्सिअसला वितळते, स्टर्लिंग त्याआधीच. डाख त्याहूनही कमी उष्णतेवर वितळणारा हवा, नाहीतर फूल जोडताना मुकुटच वितळायचा! उष्णतेने बिघडणारे खडे अगदी शेवटी बसवतात.

मित्रहो, सुट्टीत पुठ्ठ्याचा असा मुकुट करून टोपीवर बसवा आणि मैदानाला एक फेरी धावत मारा. मुकुट जागेवर राहिला, तरच तुमचा आराखडा उत्तीर्ण!