परिषदेत ब्लॉगर: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेंगळुरूत के. आर. पुरमहून व्हाइटफील्डकडे निघालं की कंपन्यांची मोठमोठी आवारं आणि केटीपीओ या व्यापार प्रोत्साहन संस्थेचं प्रदर्शन केंद्र लागतं. मार्च 2023 पासून या टप्प्यावर मेट्रो धावते. इथल्या उद्योग परिषदांना ब्लॉगर आणि समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांना बोलवावं, असं माझं ठाम मत आहे. आड येतात ते काही गैरसमज.

गैरसमज: हॅशटॅग ही मार्केटिंगवाल्यांची गोष्ट.
23 ऑगस्ट 2007 रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना मांडली, तेव्हा उदाहरण दिलं ते बारकॅम्पचं, म्हणजे तंत्रज्ञांच्या खुल्या मेळाव्याचं. बेंगळुरूत बारकॅम्प 2006 मध्ये आला आणि पुढे व्हाइटफील्डच्या सॅप लॅब्समध्येही भरला. एका गटातल्यांना एकमेकांचं बोलणं सापडावं, हाच हॅशटॅगचा मूळ उपयोग. म्हणून तो छोटा असावा, आधी कुणी वापरलेला नसावा आणि निमंत्रणातच छापावा.

गैरसमज: पास दिला, राहायची सोय केली, म्हणजे चांगलंच लिहिलं जाईल.
तशी अट घातली की तो मजकूर जाहिरात ठरतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरात करणाऱ्याने कंपनीशी असलेले हितसंबंध उघड करायचे असतात. इन्फ्लुएन्सरसाठी जानेवारी 2023 मध्ये आलेल्या सूचनांनी त्यात मोफत वस्तू, प्रवास, हॉटेलमधला मुक्कामही धरला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा चूक झाली तर 50 लाखांपर्यंत. तेव्हा निमंत्रणातच लिहून द्यावं: खर्च आम्ही करतो, तो मजकुरात नमूद करा आणि जे दिसेल ते लिहा. टीका आली तर तीही छापली जाणार, हे मनाशी पक्कं असेल तरच बोलवावं.

गैरसमज: स्लाइडचा फोटो टाकला म्हणून पेटंट हुकलं.
हा आरोप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. अर्ज करण्याआधीच शोधाचे तपशील भर सभेत मांडले, तर तो शोध त्या क्षणीच उघड झाला, फोटो निघो वा न निघो. फोटोमुळे फक्त तारखेसह पुरावा राहतो. भारतीय पेटंट कायद्याचं कलम 31 बारा महिन्यांची सवलत देतं खरी, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांना. कंपनीने हॉटेलात भरवलेली परिषद त्यात धरली जाईल, या भरवशावर राहू नये. आधी अर्ज, मग भाषण.

अप्रकाशित संशोधन परिषदेतून बाहेर जाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. 2009 मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या जीनोम परिषदेतून डॅनियल मॅकार्थर या संशोधकाने ब्लॉग लिहिले. पत्रकारांना वक्त्याची परवानगी घ्यावी लागे. श्रोता म्हणून आलेल्या संशोधकाला तसा नियमच नव्हता. वाद झाला आणि संस्थेने नियम बदलून ब्लॉग-ट्विटरवर लिहिणाऱ्यांनाही परवानगी बंधनकारक केली. सोपा उपाय असा: वक्त्याने पहिल्याच स्लाइडवर ‘फोटो चालेल’ किंवा ‘कृपया प्रसिद्ध करू नये’ लिहावं, आणि सूत्रसंचालकाने ते मोठ्याने वाचून दाखवावं.

गैरसमज: सगळं नेटवर आलं की तिकीट कोण काढणार?
परिषदेला माणसं ओळखी करायला, यंत्र हाताळायला आणि सौदे ठरवायला जातात. पोस्ट वाचून यातलं काहीच होत नाही.

गैरसमज: इंग्रजीत लिहिणाराच हवा.
बेळगाव-कोल्हापूरच्या लहान फाउंड्रीवाल्याला दोन दिवस भट्टी सोडून बेंगळुरूला येणं परवडत नाही. नवं सेन्सर किंवा साच्याची नवी पद्धत त्याला मराठीत नीट समजावून सांगणारा ब्लॉगर आयोजकांच्या यादीत सहसा नसतो. अशा ब्लॉगरला अवश्य बोलवा. भाषणांचा गोषवारा आठवडाभर आधी पाठवा, सभागृहात प्लग पॉइंटजवळची खुर्ची द्या आणि शंका विचारायला वक्त्याची दहा मिनिटं मिळवून द्या.