कुंभारकामाचे जुने विजेचे चाक : दुरुस्ती आणि निगा

चाकाची साखळी

कुंभाराच्या पारंपरिक चाकात ऊर्जा साठवण्याचे काम चाकाचे वजनच करते. दांडक्याने गती दिलेले जड चाक एका टोकावर तोल सांभाळत फिरत राहते आणि गती उतरण्याआधी भांडे घडवून घ्यावे लागते. विजेच्या चाकात मोटर सतत ऊर्जा पुरवते. त्यामुळे चाक हलके झाले, पण भाग वाढले. कंट्रोलर, मोटर, पुली, पट्टा, उभा शाफ्ट, बेअरिंग आणि शेवटी माती ज्यावर बसते ती तबकडी, अशी ही साखळी असते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या कुंभार सशक्तीकरण योजनेतून अशी चाके कुंभारांना देण्यात आली. शहरांतील सिरॅमिक स्टुडिओंत ती त्याआधीपासून आहेत. हाती आलेले जुने चाक दुरुस्त करायचे म्हणजे या साखळीतील नेमकी कोणती कडी सैल झाली आहे, हे ओळखायचे.

लक्षण आणि कारण

दोष जाणवतो मातीत, पण त्याचे मूळ बहुधा खाली कुठेतरी असते. हाताचा दाब पडताच चाक मंदावत असेल, तर पट्टा घसरत असू शकतो, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात किंवा बेअरिंग जड झालेले असू शकते. अंदाजाने भाग बदलत बसण्यापेक्षा साखळी मधोमध तोडणे सोपे. वीज बंद करून, प्लग काढून पट्टा उतरवला की यांत्रिक आणि विद्युत हे दोन विभाग वेगळे होतात. तबकडी हाताने फिरवल्यावर ती आवाज न करता, न अडखळता फिरत राहिली तर शाफ्ट आणि बेअरिंग ठीक आहेत. मोटर एकटी चालवल्यावर तिची गती पायडलप्रमाणे सलग वाढली तर विद्युत भाग साधारण ठीक आहे. मात्र भाराखाली उघडे पडणारे मोटरचे दोष या चाचणीत लपून राहू शकतात. दोन्हीकडे दोष दिसला नाही, तर पट्टा आणि पुली यांच्याकडे पाहावे लागते.

वीज आणि पाणी

ओले हात, लोखंडी सांगाडा आणि २३० व्होल्टचा पुरवठा एकत्र येत असल्यामुळे अर्थिंग तपासल्याशिवाय जुने चाक सुरू करू नये. तीन पिनांचा प्लग असणे पुरेसे नाही; अर्थिंगची तार सांगाड्याला खरोखर जोडलेली असावी लागते, आणि रंगाच्या किंवा गंजाच्या थरावर स्क्रू बसवलेला असेल तर ती जोडणी नावापुरतीच उरते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हे दुसरे संरक्षण. बराच काळ पडून असलेल्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये, विशेषतः कोकणातील पावसाळ्यानंतर, ओल शिरलेली असू शकते. इलेक्ट्रिशियन ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि सांगाडा यांच्यामधील रोध मोजतो. तो एक मेगाओमच्या खाली असेल, तर मोटर आधी वाळवावी लागते. ही मोजणी करताना इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मोटरपासून सोडवलेला असावा, नाहीतर तो जळू शकतो.

बेअरिंग

शाफ्टला सहसा दोन बेअरिंग आधार देतात. ती हातांचा आडवा दाब सोसतात आणि माती व तबकडी यांचे वजनही पेलतात. दोन बेअरिंगमधील अंतर जितके जास्त, तितका त्यांच्यातील थोडासा खेळ तबकडीच्या कडेला कमी जाणवतो. पाण्याने ग्रीस धुऊन निघते आणि मातीतील बारीक कण गोळ्यांची वाट खरवडतात. मग तबकडी फिरवताना कर्र असा आवाज येतो किंवा कड धरून वर-खाली हलवली की ढिलाई कळते. बदली बेअरिंग शोधण्यासाठी चाकाच्या कंपनीचे नाव लागत नाही, कारण बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. ६२०५ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतील भोकाचा व्यास मिळतो : २५ मिलिमीटर. ओल्या कामासाठी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले, म्हणजे २आरएस प्रकारचे बेअरिंग योग्य. ते शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावर द्यावा, बेअरिंगच्या घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, बसवताना बाहेरच्या. दाब गोळ्यांमधून गेला तर नव्या बेअरिंगमध्येही खड्डे पडतात.

तबकडीचे डुलणे

तबकडी डुलत असेल तर माती मध्यावर आणणे अशक्य होते. कारणे तीन : तबकडीखाली वाळलेली माती, वाकडा शाफ्ट किंवा वाकडी तबकडी. पहिले कारण धुण्यापुसण्याने संपते. उरलेल्या दोन कारणांत फरक करण्यासाठी विटेवर एक सुई पक्की बसवून तिचे टोक तबकडीच्या कडेजवळ, पृष्ठभागाच्या किंचित वर आणतात आणि तबकडी हळूहळू फिरवतात. सुई जिथे टेकते ती उंच जागा खडूने खुणावायची, शाफ्टवरही तिच्या रेषेत खूण करायची. मग तबकडी उतरवून, शाफ्टवर अर्ध्या फेऱ्याने वळवून पुन्हा बसवायची. उंच जागा तबकडीवरील खुणेसोबत सरकली तर दोष तबकडीत. ती शाफ्टवरील खुणेजवळच राहिली तर दोष शाफ्टमध्ये. तबकडी टर्नरकडून लेथवर सपाट करून घेता येते. वाकडा शाफ्ट ठोकून सरळ करण्यापेक्षा त्याच मापाचा नवा करून घेणे खात्रीचे असते.

पट्टा आणि पुली

व्ही पट्टा पुलीला तळाने नव्हे, दोन्ही तिरप्या बाजूंनी पकडतो. झिजलेला पट्टा खाचेत खोल जातो, तळाला टेकतो आणि पकड सुटते. पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसला, तर हेच घडत आहे असे समजावे. ‘ए’ प्रकारच्या पट्ट्याची वरची रुंदी १३ मिलिमीटर असते आणि ए-४२ मधील ४२ ही आतील लांबी इंचांत असते. हे दोन आकडे सांगितले की पट्टा कोणत्याही यंत्रसामग्रीच्या दुकानात मिळतो. दोन पुलींमधील पट्ट्याच्या मोकळ्या भागावर मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास, त्या भागाच्या दर मीटर लांबीमागे साधारण १६ मिलिमीटर दबणे हा योग्य ताण. त्याहून जास्त आवळलेला पट्टा घसरत नाही, पण बेअरिंग एका बाजूला ओढून लवकर खराब करतो. पुलींच्या व्यासांवर गती ठरते : मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरची पुली ५० आणि शाफ्टची पुली ३०० मिलिमीटर असेल, तर तबकडी २४० फेरे घेते. त्या प्रमाणात तिचे बलही वाढते, म्हणून मनाप्रमाणे दुसऱ्या मापाची पुली बसवणे टाळावे.

मोटर

डीसी मोटरमध्ये कार्बन ब्रश कम्युटेटरवर घासून वीज आत नेतात. त्यांची झीज अपेक्षितच असते. ब्रश मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आले की जोडीने बदलतात. जास्त ठिणग्या आणि काळी भुकटी ही झिजेची पूर्वसूचना असते. कम्युटेटर साफ करण्यासाठी बारीक काचकागद वापरतात. एमरी कागदाचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून गळती घडवू शकतात. एसी इंडक्शन मोटरमध्ये ब्रश नसतात. ती गुणगुणते पण उचलत नसेल, तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि निदान तितक्याच व्होल्टचा असावा. जुना कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भारित राहू शकतो, म्हणून हाताळण्याआधी तो रोधकातून रिकामा करतात.

पायडल आणि कंट्रोलर

पायडलखाली बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. पाय दाबला की त्याचा रोध बदलतो आणि कंट्रोलर त्यानुसार मोटरला व्होल्टेज देतो. पायडल एका ठरावीक जागी आले की गती धक्क्याने बदलत असेल, तर पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर धूळ आहे किंवा ती झिजली आहे. काँटॅक्ट क्लीनरने धूळ जाते. झीज असल्यास त्याच मूल्याचा नवा भाग लावावा लागतो. पायडल पूर्ण वर असतानाही तबकडी सरकत असेल, तर कंट्रोलरवरील किमान गतीचा छोटा स्क्रू जुळवतात. कंट्रोलरच जळाला असेल, तर बाजारातील पर्यायी कंट्रोलर चालतो. मात्र त्याचे व्होल्टेज आणि प्रवाह मोटरच्या नेमप्लेटशी जुळले पाहिजेत.

घर्षणावर चालणारी चाके

काही जुन्या चाकांत कंट्रोलर नसतो. मोटर एकाच गतीने फिरते आणि शंकूवर टेकलेली कडी पायडलने पुढे-मागे सरकते; स्पर्शाची त्रिज्या बदलली की तबकडीची गती बदलते. इथे घर्षण हेच साधन असल्यामुळे तेलाचा एक थेंबही चाक निकामी करू शकतो. दोन्ही भाग एकमेकांना टेकवून ठेवून चाक महिनोन्‌महिने उभे राहिले, तर मऊ पृष्ठभागावर सपाट डाग पडतो आणि दर फेऱ्याला एक ठोका ऐकू येतो. वापर नसताना हे भाग वेगळे ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

परदेशातून आलेले चाक

अमेरिकेतून घरसामानासोबत आणलेले चाक १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालणारे असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. डीसी मोटरच्या चाकाला त्याने सहसा फरक पडत नाही, कारण कंट्रोलर आधी एसीचे डीसी करतो. इंडक्शन मोटर मात्र ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश गतीनेच फिरते आणि जास्त तापते. नेमप्लेट वाचल्याशिवाय प्लग लावू नये, ते याचसाठी.

नित्य निगा

तबकडीभोवतीचे गाळाचे ताट भरू न देणे ही सर्वांत मोठी निगा. ताटातील पाणी शाफ्टभोवतीच्या कडेपर्यंत चढले की थेट वरच्या बेअरिंगवर उतरते. चाक नळीने धुऊ नये, ओल्या स्पंजने पुसावे. वाळलेली माती झाडणे चाकापेक्षा माणसाला जास्त घातक आहे, कारण तिच्या धुळीतील स्फटिकी सिलिका फुप्फुसांत साठून सिलिकोसिस होऊ शकतो. चाक स्पिरिट लेव्हलने समतल ठेवले की ताटातील पाणी एका बाजूला साचत नाही. पट्ट्याचा ताण, तबकडीचे स्क्रू आणि अर्थिंगची जोडणी एवढी तपासणी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पुरते. सीलबंद बेअरिंगला ग्रीस भरण्याची गरज नसते.

दुरुस्तीच्या मर्यादा

दुरुस्तीने चाक मूळ क्षमतेपर्यंत येते, त्यापुढे जात नाही. पाव अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे १८७ वॉटची मोटर मोठ्या रांजणाच्या मातीपुढे नवी असतानाही दमली असती. पट्टा, बेअरिंग, ब्रश आणि कपॅसिटर हे सगळे प्रमाणित मापांचे भाग आहेत. ते बदलणे नेहमी परवडते. बेअरिंगचे घर तडकले असेल, सांगाडा वाकला असेल किंवा मोटर आणि कंट्रोलर दोन्ही जळाले असतील, तर खर्च नव्या चाकाच्या किमतीशी ताडून पाहावा लागतो. जुने चाक विकत घेताना म्हणूनच रंग किंवा वय पाहण्यापेक्षा, त्यातले किती भाग क्रमांक सांगून दुकानात मिळतील हे पाहणे शहाणपणाचे. चाक बनवणारी कंपनी बंद झाली तरी असे चाक चालू ठेवता येते.